व्यावहारिक पिस्तूल नेमबाजी : बैठा प्रारंभ

व्यावहारिक पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धेत स्पर्धक खुर्चीवर, बाकावर, मोटारीच्या आसनावर वा तत्सम बैठकीवर बसलेला असताना त्यास प्रारंभसंकेत दिला जातो आणि त्या क्षणापासून त्याने होल्स्टरमधील (कमरेच्या म्यानातील) किंवा समोरच्या टेबलावरील पिस्तूल हाती घेऊन लक्ष्यवेध करावयाचा असतो. अशा रचनेस बैठा प्रारंभ म्हणतात. या क्रीडाप्रकारात अचूकता, शक्ती आणि वेग या तिन्ही गुणांची एकत्रित कसोटी घेतली जाते. लॅटिन भाषेतील ‘दिलिगेन्तिया, विस, केलेरितास’ हे तीन शब्द या क्रीडेचे ब्रीद होत. लक्ष्ये एकाहून अधिक असतात, त्यांची अंतरे भिन्न असतात आणि स्पर्धकास पुष्कळदा जागा बदलत गोळीबार करावा लागतो. बैठा प्रारंभ हा या स्पर्धेचा एक लहानसा भाग असला, तरी या क्रीडेच्या जडणघडणीत वास्तवाचे अनुकरण आणि सुरक्षितता यांच्यात जी ओढाताण झाली, तिचे प्रतिबिंब त्यात स्पष्टपणे दिसते.

महाराष्ट्रातील वाचकांस नेमबाजी परिचित आहे ती मुख्यत्वे ऑलिंपिक प्रकारांमुळे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मी. पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, तर कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल त्रिस्थिती प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या प्रकारांत शरीराची ठेवण नियमांनी आखून दिलेली असते. रायफलच्या तीन स्थिती गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभे राहून अशा ठरलेल्या आहेत. २५ मी. पिस्तूल प्रकाराच्या जलद फेरीतही शस्त्र आधीच हातात असते व केवळ बाहू खाली झुकविलेला असतो. तेथे बसणे किंवा आडवे होणे हे स्थैर्याचे साधन होय. व्यावहारिक नेमबाजीतील बैठ्या प्रारंभात परिस्थिती नेमकी उलटी असते. येथे बैठक स्थैर्य देण्यासाठी नसून हालचालीस अडथळा आणण्यासाठी योजलेली असते. शस्त्र म्यानात, हात गुडघ्यांवर वा टेबलावर, पाठ खुर्चीला आणि शरीराचा भार पावलांऐवजी बैठकीवर, अशा प्रतिकूल अवस्थेतून स्पर्धकास बाहेर पडावयाचे असते.

पूर्वपीठिका : बसलेल्या माणसाने पिस्तूल कसे काढावे, हा प्रश्न या क्रीडेपेक्षा बराच जुना असून त्याचा पहिला धनी घोडेस्वार होता. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन घोडदळात रिव्हॉल्व्हर उजव्या बाजूस, मूठ पुढे करून आणि झाकण असलेल्या म्यानात ठेवण्याची पद्धत होती. डाव्या बाजूस तलवार असे. ·४५ कॅलिबरचे कोल्ट स्वयंभरित पिस्तूल १९११ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सैन्याने स्वीकारल्यानंतर घोडदळासाठी १९१२ चे जे होल्स्टर तयार झाले, त्याला कमरपट्ट्याखाली फिरणारा सांधा होता आणि त्याचे खालचे टोक पट्टीने मांडीस बांधता येत असे. स्वार खोगिरात बसला असता मांडी पुढे येते. म्यान ताठ राहिले, तर ते खोगिराला टेकून वर ढकलले जाते. हा दोष दूर करण्यासाठी सांध्याची योजना होती. पायदळासाठी १९१६ मध्ये आलेल्या होल्स्टरमध्ये सांध्याची गरज उरली नाही व तो वगळण्यात आला. उभ्या आणि बसलेल्या माणसाचे होल्स्टर एकच असू शकत नाही, ही गोष्ट तेव्हाच लक्षात आली होती.

बसलेला माणूस किती असहाय असतो, याचे अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रदेशातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘वाइल्ड बिल’ हिकॉक (१८३७–७६) याचा मृत्यू. पिस्तूल चालविण्यातील कौशल्यासाठी ख्यातनाम असलेला हा माणूस २ ऑगस्ट १८७६ रोजी डेडवुड येथील एका मद्यगृहात पत्ते खेळत असता जॅक मकॉल याने मागून येऊन त्याच्या डोक्यात गोळी घातली. पाठ भिंतीकडे करून बसण्याची हिकॉकची सवय होती. परंतु त्या दिवशी त्यास तशी जागा मिळाली नाही, असे सांगितले जाते. टेबल, खुर्ची आणि पत्ते यांचे हे दृश्य अमेरिकन लोककल्पनेत खोलवर रुजले आणि पुढे स्पर्धांच्या आखणीतही ते निरनिराळ्या रूपांनी अवतरले.

विसाव्या शतकात घोड्याची जागा मोटारीने घेतली. मोटारीत बसून गस्त घालणाऱ्या पोलिसास तोच प्रश्न नव्याने पडला. उजव्या कुल्ल्यावरील होल्स्टर आसनाच्या पाठीत दबते, कोटाचा पदर त्यावर अडकतो आणि कोपर मागे नेण्यास जागा राहत नाही. मूठ किंचित पुढे झुकलेली होल्स्टरे, पोटावरून विरुद्ध हाताने काढण्याची होल्स्टरे आणि काखेतील होल्स्टरे यांचा प्रसार होण्यामागे हे एक कारण होते. तथापि पोलिसांच्या औपचारिक सरावक्रमात हा प्रश्न फारसा उमटला नाही. अमेरिकन पोलिसांच्या रिव्हॉल्व्हर स्पर्धांमध्ये ५० यार्डांवरून (सु. ४५·७ मी.) जमिनीवर बसून, पालथे पडून आणि आडोशाच्या दोन्ही बाजूंनी गोळ्या झाडाव्या लागत. परंतु तेथील बसणे हे रायफलधाऱ्याच्या बसण्यासारखेच, म्हणजे दूरच्या लक्ष्यासाठी आधार मिळविण्याचे साधन होते. बसलेल्या अवस्थेतून त्वरेने कृती करण्याचा अभ्यास त्यात अभिप्रेत नव्हता.

क्रीडेचा उगम : दुसऱ्या महायुद्धानंतर चित्रपट व दूरचित्रवाणी यांवरील पश्चिमी कथांमुळे अमेरिकेत पिस्तूल त्वरेने काढण्याच्या शर्यतींची लाट आली. कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म या मनोरंजन-उद्यानात काम करणाऱ्या डी वूलेम याने १९५४ च्या सुमारास अशा शर्यतींस सुरुवात केली. त्यांत पोकळ काडतुसे वा मेणाच्या गोळ्या वापरीत. होल्स्टर खाली मांडीवर बांधलेले असे व निर्णय केवळ वेळेवर होत असे. उभ्या माणसासाठी ही रचना सर्वांत वेगवान होती. परंतु खुर्चीवर बसताच मांडीवरचे होल्स्टर आडवे होई आणि तिचा सारा फायदा नाहीसा होई.

याच सुमारास अमेरिकन नौसैनिक दलातील (मरीन कोअर) निवृत्त अधिकारी जेफ कूपर (१९२०–२००६) यांनी कॅलिफोर्नियातील बिग बेअर येथे वेगळ्या प्रकारच्या स्पर्धा भरविण्यास आरंभ केला. त्यांत खरी काडतुसे वापरली जात. आरंभीच्या एका प्रकारात दोन स्पर्धक समोरासमोरच्या शर्यतीत २१ फुटांवरील (सु. ६·४ मी.) १८ इंच (सु. ४६ सेंमी.) रुंदीचे बारा फुगे फोडीत, ज्याचे सर्व फुगे आधी फुटतील तो विजयी ठरे. कमरेपासून न पाहता झाडलेल्या गोळ्या वारंवार चुकत, असे तेथे दिसून आले. लॉस अँजेल्स परगण्यातील शेरीफ-अधिकारी जॅक वीव्हर यांनी १९५९ च्या सुमारास पिस्तूल दोन्ही हातांनी धरून, डोळ्यांसमोर आणून नेम धरण्याची पद्धत वापरली आणि ती थोडी मंद भासूनही निर्णायक ठरली. या पद्धतीस पुढे ‘वीव्हर ठेवण’ असे नाव पडले.

या स्पर्धांचे वैशिष्ट्य असे, की कोणतीही एक पद्धत त्यांनी अनिवार्य केली नाही. प्रश्न मांडावा आणि उत्तर स्पर्धकावर सोपवावे, हे त्यांचे सूत्र होते. तोच तो सराव टाळण्यासाठी आखणी सतत बदलली जाई. स्पर्धकाने हात वर करून, पाठ फिरवून, ओझे उचलून वा बसून आरंभ करणे ही अशा बदलांची साधने होत. कूपर यांनी १९७० च्या दशकात ग्वातेमालामध्ये राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांना प्रशिक्षण देताना तयार केलेला ‘एल प्रेसिदेन्ते’ हा सराव या संदर्भात उल्लेखनीय आहे. त्यात नेमबाज सु. १० मी. अंतरावरील तीन लक्ष्यांकडे पाठ करून उभा राहतो. संकेत मिळताच तो वळतो, पिस्तूल काढून प्रत्येक लक्ष्यावर दोन गोळ्या झाडतो, मॅगझीन बदलतो आणि पुन्हा प्रत्येकी दोन गोळ्या झाडतो. दहा सेकंदांत हे सर्व साधणे चांगले मानले जाई. आधी शरीराची दिशा बदलावी आणि मगच शस्त्र काढावे, हा जो क्रम या सरावाने रुजविला, तो बैठ्या प्रारंभाच्या पुढील तंत्रास पायाभूत ठरला.

संघटना व नियमन : पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७५ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे झाली व तीत अमेरिकेचे रे चॅपमन विजयी झाले. मे १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे भरलेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय व्यावहारिक नेमबाजी महासंघाची स्थापना झाली आणि कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. महासंघाने नावात ‘व्यावहारिक’ हा शब्द स्वीकारला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. त्यापूर्वी कॅलिफोर्नियातील संघटनेच्या नावात ‘लढाई’ या अर्थाचा शब्द होता. या शब्दबदलाबरोबर क्रीडेची दिशाही हळूहळू बदलली. सैनिक वा पोलिस यांच्या तयारीचे साधन ही तिची ओळख मागे पडून नियमबद्ध खेळ ही ओळख पुढे आली. अमेरिकेतील राष्ट्रीय संघटना १९८४ मध्ये विधिवत् नोंदली गेली. मानवी मस्तकाची आकृती दर्शविणाऱ्या पुठ्ठ्याच्या लक्ष्याऐवजी शीर्षभाग नसलेले बहुकोनी लक्ष्य आंतरराष्ट्रीय स्पर्धांत रूढ झाले, तेही याच प्रवृत्तीचे फलित होय.

या स्थित्यंतरात बैठ्या प्रारंभाचा अर्थ पालटला. आधी खुर्ची ही एखाद्या प्रसंगाची खूण असे : उपाहारगृहात जेवणारा माणूस, दुकानाच्या गल्ल्यावरचा मालक किंवा मोटारीतील चालक. खेळाचे स्वरूप दृढ झाल्यावर ती एक शारीरिक व गणिती समस्या झाली. ध्वनिग्रहण करून प्रत्येक गोळीची वेळ शतांश सेकंदापर्यंत नोंदविणारी विद्युत् घड्याळे १९८० च्या दशकात प्रचारात आली. तत्पूर्वी पंचाच्या हातातील घड्याळावर अवलंबून राहावे लागे व खुर्चीतून उठण्यात नेमका किती वेळ गेला, हे वेगळे काढता येत नसे. नव्या घड्याळामुळे संकेतापासून पहिल्या गोळीपर्यंतचा काळ स्वतंत्रपणे कळू लागला आणि उठण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना शक्य झाली.

याच दशकात रॉब लेदम व ब्रायन ईनॉस या अमेरिकन नेमबाजांमुळे दोन्ही बाहू समान पुढे ताणून धरण्याची, वरून पाहता समद्विभुज त्रिकोणासारखी दिसणारी ठेवण लोकप्रिय झाली. वीव्हर ठेवणीत एक पाऊल मागे व धड तिरपे असणे स्वाभाविक असते. नव्या ठेवणीत मात्र कमरेवरील भागच पुरेसा असतो व पावलांची स्थिती गौण ठरते. त्यामुळे चालताना, वाकताना किंवा खुर्चीत बसलेले असताना हातांची ठेवण बदलावी लागत नाही.

तंत्र : बैठ्या प्रारंभाची हाताळणी संकेताच्या आधीच सुरू होते. शस्त्र भरण्याची आज्ञा झाल्यावर अनुभवी स्पर्धक उभे राहूनच पिस्तुलात मॅगझीन बसवितो, काडतूस नळीत घेतो, खटका बंद करतो, पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवतो आणि मगच बसतो. बसताना सदऱ्याचा वा कोटाचा पदर होल्स्टर व खुर्ची यांमध्ये सापडला नाही, याची तो खात्री करतो. लेखी सूचनेत पाठ टेकण्याची अट नसेल, तर बैठकीच्या पुढच्या कडेवर बसणे हिताचे असते. एक पाऊल गुडघ्याखाली मागे आणि दुसरे किंचित पुढे ठेवले, की उठताना शरीराचा भार चटकन पावलांवर घेता येतो. दोन्ही पावले पुढे पसरली असतील, तर आधी ती मागे ओढावी लागतात व वेळ वाया जातो.

संकेतानंतर तीन मार्ग संभवतात. पहिला, बसूनच पिस्तूल काढून पहिली लक्ष्ये भेदणे. दुसरा, उठता उठता काढणे. तिसरा, पूर्ण उठून मग काढणे. पहिल्या मार्गात धड कमरेतून पुढे झुकवावे लागते. त्यामुळे पाठ व खुर्ची यांत अंतर पडते आणि कोपराला मागे जाण्यास जागा मिळते. पिस्तूल म्यानातून पूर्ण सुटेपर्यंत सरळ वर उचलले जाते, नंतर नळी लक्ष्याकडे वळविली जाते व छातीसमोर दुसरा हात येऊन मिळतो. समोर टेबल असल्यास पिस्तूल त्याच्या कडेवर आदळू नये, म्हणून ते पुढे ढकलण्यापूर्वी पुरेसे वर आणावे लागते. ज्या हाताने पिस्तूल काढावयाचे नाही, तो हात मोकळा लोंबू न देता छातीशी आणणे आवश्यक असते. अन्यथा तो नळीसमोर येतो. दुसऱ्या मार्गात कुल्ले बैठकीवरून सुटत असताना हात मुठीवर जातो आणि मांड्या उभ्या होऊ लागल्यावर पिस्तूल बाहेर येते. वेळेच्या दृष्टीने हा मार्ग बहुधा फायद्याचा असतो. पण दोन क्रिया एकत्र गुंफल्या जात असल्याने त्यास सर्वाधिक सराव लागतो. जेथे बसल्या जागेवरून एकही लक्ष्य दिसत नाही व लगेच दूर जावयाचे असते, तेथे तिसरा मार्ग स्वाभाविक ठरतो.

पिस्तूल टेबलावर ठेवलेले असेल, तर प्रश्न वेगळा होतो. होल्स्टरचा अडथळा नाहीसा होतो. परंतु पकड अचूक घेणे कठीण जाते, कारण सपाट पृष्ठभागावरून उचलताना तळहात मुठीमागे पूर्ण बसत नाही. पिस्तूल रिकामे ठेवण्याची अट असल्यास मॅगझीन कोठे ठेवावे, कोणत्या हाताने घ्यावे व भरण्याची क्रिया बसून करावी की चालताना, याचाही विचार करावा लागतो. पाठ लक्ष्यांकडे करून बसविलेल्या स्पर्धकाने प्रथम उठून पूर्ण वळावे व नंतरच पिस्तुलास हात घालावा, हा क्रम अनुल्लंघनीय मानला जातो.

होल्स्टरच्या स्वरूपानुसारही तंत्र बदलते. खुल्या गटातील स्पर्धेची होल्स्टरे पिस्तुलास केवळ चापाभोवतीच्या कड्यापाशी धरतात व ती कमरेच्या पुढच्या बाजूस लावता येतात. त्यांतून पिस्तूल थोडेसे उचलताच सुटते. कारखान्यात तयार झालेल्या साध्या पिस्तुलांच्या गटात मात्र होल्स्टर कटिअस्थीच्या पुढील टोकाच्या मागे असावे लागते. साहजिकच खुर्चीची पाठ व हात या गटातील स्पर्धकास अधिक अडवितात.

सुरक्षितता : उभ्या माणसाच्या होल्स्टरमधील पिस्तुलाची नळी जमिनीकडे असते. बसलेल्या माणसाची मांडी आडवी असल्याने पिस्तूल बाहेर येताना नळीची रेषा मांडीवरून, गुडघ्यावरून वा पावलावरून जाण्याचा संभव राहतो. मांडीतून मोठी रोहिणी जाते व तीस झालेली जखम थोड्याच मिनिटांत प्राणघातक ठरू शकते. म्हणून बैठ्या प्रारंभातील खरा धोका प्रेक्षकास वा पंचास असण्यापेक्षा स्पर्धकाच्या स्वतःच्या पायास असतो आणि तो टाळण्याचा मुख्य उपाय एकच आहे : नेम धरण्याची वेळ येईपर्यंत बोट चापावर न जाणे.

महासंघाच्या नियमावलीत नळी शरीराच्या कोणत्याही भागावरून फिरल्यास स्पर्धक संपूर्ण स्पर्धेतून बाद होतो. या कडक नियमास एक मोजका अपवाद ठेवला आहे. पिस्तूल होल्स्टरमधून काढताना किंवा परत ठेवताना नळी कमरेखालील अवयवांवरून गेली, तर बोटे चापाच्या कड्याबाहेर स्पष्टपणे असल्यास स्पर्धक बाद ठरत नाही. हा अपवाद केवळ होल्स्टरपुरता असून टेबलावरून उचललेल्या पिस्तुलास लागू होत नाही. मांडी आडवी असताना नळीचा स्पर्शही तिच्या दिशेस होऊ नये, अशी अपेक्षा धरली असती, तर बैठा प्रारंभ खेळातून हद्दपारच करावा लागला असता. नियमकर्त्यांनी शरीररचनेची मर्यादा मान्य केली व बोटाच्या बाबतीत मात्र सवलत दिली नाही.

इतर नियमही या स्थितीशी निगडित आहेत. काखेतील तसेच मांडीला बांधण्याची होल्स्टरे सर्वसाधारणपणे निषिद्ध आहेत. नळी मागील बाजूस, म्हणजे गोळ्या अडविणाऱ्या बांधाच्या मध्यरेषेपासून ९० अंशांपलीकडे वळल्यास, पिस्तूल हातातून पडल्यास किंवा स्पर्धकापासून ३ मी. च्या आत जमिनीवर गोळी लागल्यास तो बाद होतो. या अंतराच्या नियमास लक्ष्यांच्या संदर्भात काही अपवाद आहेत. सज्जतेची सूचना व प्रारंभसंकेत यांच्या दरम्यान शस्त्रास स्पर्श करता येत नाही. परंतु कोपराखालील बाहूचा अपरिहार्य स्पर्श क्षम्य मानला आहे. हात मांडीवर ठेवून बसलेल्या माणसाचा बाहू पिस्तुलास लागणे स्वाभाविक असल्याने ही सवलत अर्थपूर्ण ठरते. त्याच काळात हात शस्त्राकडे सरकविणे अथवा अधिक सोयीची शारीरिक स्थिती घेणे, उदा., कुल्ले बैठकीवरून उचलणे, यासाठी दंड आहे. संकेत सज्जतेच्या सूचनेनंतर १ ते ४ सेकंदांच्या दरम्यान केव्हाही होतो, त्यामुळे तो हेरून आधीच उठण्याचा मोह निष्फळ ठरतो.

गुणांकन : स्पर्धेतील प्रत्येक टप्प्यात मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागून जे मूल्य येते, त्यावर क्रम ठरतो. लक्ष्याच्या मध्यक्षेत्रातील गोळीस ५ गुण असतात. त्याबाहेरील क्षेत्रांचे गुण काडतुसाच्या शक्तीनुसार ४ किंवा ३ आणि २ किंवा १ असे ठरतात. नियमभंगाच्या सामान्य दंडात १० गुण वजा होतात. समजा, १२ गोळ्यांच्या टप्प्यात एका स्पर्धकाने ९ सेकंदांत ५४ गुण मिळविले, तर त्याचे मूल्य ६ होते. खुर्चीतून उठताना अर्धा सेकंद अधिक गेला, तर तेच मूल्य ५·६८ वर येते. हे नुकसान भरून काढण्यास त्याला आणखी ३ गुण मिळवावे लागतील. याउलट घाईने उठून डळमळत झाडलेली एक गोळी लक्ष्याबाहेर गेली, तर गोळीचे गुण बुडून वर दंडही बसतो व अर्ध्या सेकंदाची बचत व्यर्थ होते. मुरलेले नेमबाज उठण्याचा वेग वाढविण्यापेक्षा उठल्यानंतर पिस्तूल स्थिर होण्यास लागणारा वेळ कमी करण्यावर भर देतात, त्याचे कारण हेच.

टप्प्याची आखणी : नियमावलीत अन्य सूचना नसल्यास स्पर्धकाने बाहू सैल सोडून सरळ उभे राहावयाचे असते. म्हणून बसण्याची अट, हातांची जागा आणि पाठ टेकावी किंवा कसे, हे सर्व टप्प्याच्या लेखी सूचनेत नमूद करावे लागते. मात्र ही सक्ती संकेतापुरतीच असते. संकेतानंतर नेमबाजाने कोठे व कोणत्या स्थितीत राहावे, हे आखणीकारास सामान्यतः शब्दांनी फर्मावता येत नाही. बसूनच गोळीबार व्हावा, असे त्यास वाटत असेल, तर त्याने भिंतीतील खिडकी इतकी खाली ठेवावी, की लक्ष्य फक्त बसलेल्या माणसास दिसेल. बसणे स्पर्धेने ठरवावे व उठणे स्पर्धकाने, असे या तत्त्वाचे सार सांगता येईल. बिग बेअर येथील आरंभीचे सूत्र येथे नियमाच्या रूपात टिकून राहिले आहे.

आखणीत समानतेचाही प्रश्न येतो. घडीची, डगमगणारी वा चाके असलेली खुर्ची प्रत्येकास सारखी राहत नाही. हात असलेली खुर्ची स्थूल व्यक्तीस अधिक अडविते. एका बाजूस भिंत असल्यास उजव्या व डाव्या हाताने नेमबाजी करणाऱ्यांत विषमता येते. म्हणून भक्कम, बिनहाताची खुर्ची योजणे, तिच्या पायांच्या जागा जमिनीवर रंगाने आखणे आणि उठताना मागे ढकललेली खुर्ची पायांत येणार नाही इतकी मोकळी जागा ठेवणे, हे चांगल्या आखणीचे लक्षण समजतात. दुखापतीमुळे वा अपंगत्वामुळे एखादी कृती करणे शक्य नसलेल्या स्पर्धकास त्या कृतीतून सूट देऊन बदल्यात ठराविक गुणकपात करण्याची तरतूदही नियमांत आहे.

मतभेद : क्रीडेच्या वाढत्या खेळस्वरूपावर आक्षेपही घेतले गेले. खास बनविलेली पिस्तुले व होल्स्टरे यांमुळे प्रत्यक्ष जीवनाशी असलेला संबंध तुटला, असे मानणाऱ्या नेमबाजांनी १९९६ मध्ये अमेरिकेत संरक्षणात्मक पिस्तूल नेमबाजीची निराळी संघटना स्थापन केली. बिल विल्सन, केन हॅकथॉर्न इ. तिचे संस्थापक होत. तेथे कपड्याखाली झाकलेले नित्य वापराचे पिस्तूल, आडोशाचा उपयोग आणि प्रसंगनिष्ठ आखणी यांवर भर असल्याने मोटार, टेबल व खुर्ची यांना पुन्हा प्रसंगाचा अर्थ प्राप्त झाला. गमावलेल्या प्रत्येक गुणाबद्दल वेळ वाढविण्याची तेथील पद्धतही घाईस आळा घालते; ही वाढ पूर्वी अर्धा सेकंद होती, २०१७ पासून ती एक सेकंद झाली. याउलट खेळाच्या बाजूने असे म्हटले जाते, की कृत्रिम प्रसंग रंगविल्याने प्रत्यक्ष संकटाची तयारी होतेच असे नाही. पण तणावाखाली शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याची सवय मात्र दोन्ही पद्धतींनी लागते.

या वादास समाजाच्या दृष्टीचीही एक बाजू आहे. १९९३ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इंग्लंडमधील बिझ्ली येथे झाली होती. मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील शाळेत सोळा मुले व एक शिक्षिका यांची पिस्तुलांनी हत्या झाली. त्यानंतर १९९७ मध्ये झालेल्या कायद्यांनी ग्रेट ब्रिटनमध्ये बहुतेक सर्व पिस्तुले खाजगी व्यक्तींस निषिद्ध ठरली आणि तेथील व्यावहारिक पिस्तूल नेमबाजी संपुष्टात आली. एखादा शस्त्रक्रीडाप्रकार समाजाच्या विश्वासावर किती अवलंबून असतो, हे या घटनेने दाखवून दिले. प्रसंगांचे नाट्य कमी करून सुरक्षितता व निःपक्ष पंचगिरी यांवर भर देण्याच्या धोरणाचे महत्त्व त्यामुळे अधिकच जाणवले.

त्यानंतरच्या काळात या क्रीडेचा प्रसार युरोप, आशिया, दक्षिण अमेरिका व आफ्रिका या खंडांत झाला. १९९९ मध्ये फिलिपीन्समधील सेबू, २०१४ मध्ये अमेरिकेतील फ्रॉस्टप्रूफ व २०१७ मध्ये फ्रान्समधील शातोरू येथे जागतिक स्पर्धा झाल्या. बैठा प्रारंभ हा सर्वत्र आखणीचा एक नित्याचा घटक बनला आहे. घोडेस्वाराच्या फिरत्या होल्स्टरने ज्या अडचणीवर उपाय शोधला होता, तीच अडचण या खेळाने मुद्दाम जतन केली. मात्र तिच्यातून सुटण्याची घाई बोटाच्या शिस्तीस बांधून ठेवली. या शिस्तीवरच बैठ्या प्रारंभाचे खेळातील स्थान टिकून आहे.